सतरा, अठरा आणि अनुसयाबाई

"मॅडम, ही बाई आहे तरी कुठं?" डायरेक्टर सरांनी दोन फॉर्म माझ्यापुढे सरकवले. "पहिल्या राउंडमध्ये ती एकाही घरात नाही. दुसऱ्या राउंडमध्ये दोन घरांत आहे. आणि दोन्हीकडे कायमची."

मी चष्मा लावला. केस नंबर सतरा आणि केस नंबर अठरा. हैदराबादच्या गौलीगुड्यातली एकच इमारत. सतरा तळमजल्यावर, अठरा त्याच्या डोक्यावर. दोन्ही फॉर्मांत घरातल्या माणसांच्या यादीत शेवटच्या ओळीवर एकच नाव होतं. अनुसयाबाई, नातं आई, वय पंचाहत्तरच्या पुढे, 'कायम इथेच राहतात'. नावं मी इथं बदलली आहेत. नंबर मात्र तेच ठेवलेत, कारण ते इतक्यांदा घोकले की आता दुसरे सुचत नाहीत.

"तुमची श्रावंती घरी बसून फॉर्म भरते," सर म्हणाले. सर तेलुगू. आमचं बोलणं इंग्रजी आणि हिंदीच्या खिचडीत व्हायचं, इथं मराठीत देते.

"श्रावंतीनं बसून भरले असते तर इतकी ढोबळ चूक केली नसती," मी म्हणाले. "हुशार मुलगी आहे. मी स्वतः जाऊन येते."

"लवकर जा. पहिल्या राउंडवरचा पेपर मी सेमिनारमध्ये वाचून बसलोय."

तो पेपर मला चांगला आठवत होता. शहरातली मराठी कुटुंबं आता आटोपशीर झाली आहेत, म्हातारी माणसं गावी राहतात, असं सरांनी त्यात ठणकावून सांगितलं होतं. आधार आमच्या फॉर्मांचा. आणि आमच्या फॉर्मांत म्हातारी माणसं खरोखरच फारशी नव्हती.

हा प्रोजेक्ट काय होता ते आधी सांगते. राज्य वेगळं झालं, त्यानंतर जिल्हेही नव्यानं आखायला घेतले. नवे जिल्हे म्हणजे नवी ऑफिसं, आणि ऑफिसं म्हणजे माणसं. हैदराबादेत वर्षानुवर्षं एकाच टेबलाशी बसलेल्यांना आता कुठंही जावं लागणार होतं. मी समाजकार्याच्या एका संस्थेत शिकवत होते आणि कुटुंबांसोबतचं काम हा माझा विषय. बदलीनं घर हललं की घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा सांभाळ कुणाच्या अंगावर पडतो, हे मला बघायचं होतं. म्हणून जामबाग आणि गौलीगुड्यातली नोकरदार मराठी घरं निवडली. माझं बालपण जामबागेतच गेलेलं. वडील परभणीकडून येऊन इथं सरकारी दवाखान्यात लागले होते, त्यामुळे या गल्ल्यांत मला कुणी परकी समजत नसे. एक राउंड बदल्यांच्या ऑर्डरी निघण्याआधी, दुसरा ऑर्डरी हातात पडल्यावर. तीच घरं, तेच प्रश्न.

श्रावंती माझी रिसर्च असिस्टंट. घरी तेलुगू, पण गौलीगुड्यात वाढल्यामुळे मराठी फाडफाड बोलायची. वाचता येत नव्हती. तिच्यासाठी मी फॉर्म इंग्रजीत केला होता आणि लोकांसाठी संमतिपत्र मात्र अगदी शुद्ध मराठीत. ते संमतिपत्र घरोघरी कुणालाच धड वाचता येईना. तरुण मंडळी म्हणायची, "मॅडम, तेलुगूत नाही का?" शेवटी श्रावंती ते तोंडी सांगायची आणि लोक सही करायचे.

मी दुपारीच निघाले.

सतरा नंबरचं दार सुनंदानं उघडलं. थोरला मुलगा प्रल्हाद, त्याची ही बायको. प्रल्हाद एका सरकारी खात्यात क्लार्क. मी आत बसते न बसते तोच तिनं सांगून टाकलं, "सासूबाई आमच्याकडंच असतात हं मॅडम. पहिल्यापासून." मी काही विचारलंही नव्हतं. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी, तिच्यावर वळकटी. "हे बघा, त्यांचा बिछाना. त्यांची पेटी," सुनंदा म्हणाली. घरमालक गाळा दाखवतो तशी ती मला सासूचं सामान दाखवत होती.

"आणि त्या स्वतः?"

"आत्ताच वर गेल्या. जरा कामाला."

मी वर गेले. अठरा नंबरात धाकटा माधव आणि त्याची बायको रेखा राहायचे. माधवही सरकारी नोकरीत, खातं वेगळं. रेखा त्या दिवशी रजेवर होती; तिनं मला थेट फ्रिजपाशी नेलं. फ्रिजवर औषधांचा डबा, डॉक्टरांची चिठ्ठी, बीपीच्या गोळ्या, गुडघ्याला लावायचं तेल. "आईंचं सगळं इथंच आहे मॅडम. औषधपाणी मीच बघते. त्या आमच्याकडंच असतात, पहिल्यापासून."

"आणि त्या स्वतः?"

"आत्ताच खाली गेल्या."

खाली जाताना जिन्याच्या वळणावर एक बाई भिंतीला टेकून बसलेली दिसली. ठेंगणी, गोरी, हातात स्टीलचा पेला. मी ओळख सांगितली.

"बसा की बाई," अनुसयाबाई म्हणाल्या आणि पायरीवर सरकून जागा केली. "खाली झोपायचं, वर गोळी घ्यायची. दिसातून तीन येळा चढउतार. गुडगे बोलायलेत."

मी शेजारी बसले. पंचवीस वर्षं शिकवलं होतं की मुलाखतीची जागा शांत, खासगी असावी. ही जिन्याची पायरी होती आणि आमच्या अंगावरून दोन कुटुंबं येत-जात होती. तरी प्रोजेक्टमधली सगळ्यात चांगली मुलाखत तिथंच झाली.

नवरा वारल्यावर दोन मुलांनी आई महिना-महिना वाटून घेतली होती. एक तारखेला पेटी उचलायची, चौदा पायऱ्या चढायच्या नाहीतर उतरायच्या. भांडण नाही, तंटा नाही. दोघेही जेवू घालत, दोघेही दवाखान्यात नेत. फक्त महिना संपला की संपला. माझ्या फॉर्मातला प्रश्न होता, 'आज या घरच्या स्वयंपाकात कोण कोण जेवलं?' कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, ही आमची ठरलेली व्याख्या. पाहुणे गळावेत म्हणून मी त्यात 'आज' घातलं होतं आणि स्वतःवर खूश होते. श्रावंती सतरा नंबरात गेली तेव्हा वरचा महिना चालू होता. अठरा नंबरातली दोघंही नोकरीवाली, ती भेटायला पुढचा महिना उजाडला, आणि तोवर म्हातारी खाली उतरलेली. दोन्ही घरांनी अगदी खरं सांगितलं होतं. दोन खऱ्या उत्तरांमधून एक जिवंत बाई गळून पडली, आणि ते भोक माझ्या हातानं पडलं होतं. 

"मग आता दोघंही तुम्हाला कायमच्या कशा म्हणतात?" मी विचारलं.

अनुसयाबाई हसल्या. "आता मला मागनी आलीय बाई. ऑर्डरी निगाल्यापासून एक तारीक कुनीच पाळंना. हा म्हनतो माझ्याकडं जेव, तो म्हनतो माझ्याकडं. दोनीकडं जेवते. ह्या महिन्यात चोळी घट्ट झाली."

खात्याखात्यांतून अशी बातमी पसरली होती की म्हाताऱ्या, आजारी आईवडिलांचा सांभाळ ज्याच्यावर असेल त्याच्या बदलीचा फेरविचार होईल. अर्ज करायचा, चौकशी होणार, मग निर्णय. प्रल्हादची ऑर्डर आदिलाबादच्या बाजूची होती, माधवची खम्ममकडची. हैदराबादेत राहायला दोघांनाही कारण हवं होतं. कारण एकच होतं आणि ते माझ्या शेजारी पायरीवर बसून चहा पीत होतं.

पुढच्याच आठवड्यात प्रल्हाद माझ्या ऑफिसात आला.

"मॅडम, तुमच्या संस्थेच्या लेटरहेडवर दोन ओळी द्या. आई आमच्याकडं राहते, तुम्ही येऊन बघितलंय. चौकशीला उपयोगी पडतं."

"माधवला माहितीय तुम्ही अर्ज करताय ते?"

"नक्को मॅडम, त्याला सांगू नका. उगं वाईट वाटतं त्याला."

त्यानं अर्जाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. 'मी माझ्या वृद्ध आईचा एकमेव आधार आहे,' असं इंग्रजीत ठळक टाइप केलं होतं.

दोन दिवसांनी माधव आला. त्यालाही लेटरहेड हवं होतं. भावाला सांगायचं नाही, हेही आलं. त्याच्या झेरॉक्समध्येही तो आईचा एकमेव आधार होता. स्वल्पविरामासकट तोच मजकूर. आबिड्सच्या एकाच डीटीपीवाल्यानं दोघांना एकच ड्राफ्ट दिला होता.

आमच्या धंद्यात एक नियम कडक असतो. एका घरानं सांगितलेलं दुसऱ्या घराला सांगायचं नाही. ती दोन घरं एकाच जिन्यावर असली तरी नाही. त्यामुळे मला दोघांचं सगळं माहीत आणि बोलता काहीच येईना. पत्र मात्र मी कुणालाच देणार नव्हते. पण नुसतं हात झटकूनही भागलं नसतं. चौकशीला माणूस आला असता, एका जिन्यावर एकाच आईचे दोन एकमेव आधार बघितले असते आणि दोन्ही अर्ज फेटाळून गेला असता. मग दोघांनाही जावं लागलं असतं. मी माधवला विचारलं, तसं झालं तर आईचं काय?

तो बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत राहिला. "बघू. ठेवू कुठंतरी. सध्या चांगल्या सोयी असतात मॅडम, शमशाबादकडं एक आहे म्हणतात."

ते 'ठेवू' मला लागलं. तो वाईट मुलगा नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

मी दोघांनाही एकच निरोप दिला. पत्र मिळणार नाही. रविवारी सकाळी सगळे एकत्र बसू या, काय ते तुम्हीच एकमेकांना सांगा. याला आम्ही फॅमिली मीटिंग म्हणतो. घरातली माणसं एका खोलीत बसतात, सगळ्यांना पाळीनं बोलायला मिळतं आणि समाजकार्यकर्ती मध्ये बसून कुणी कुणावर धावून जाणार नाही एवढं बघते. पुस्तकात ही फार सुरेख दिसते.

रविवारी सतरा नंबरात बसलो, म्हणजे म्हातारीला चढायला नको. मी सवयीनं थोरल्यापासून सुरुवात केली. प्रल्हादनं आपला अर्ज टीपॉयवर ठेवला आणि पंख्याकडे बघत सांगितलं, "मी अपील टाकतोय. आई माझ्याकडं असते म्हणून."

माधवनं शर्टाच्या खिशातून आपल्या अर्जाची घडी काढली आणि तिथंच ठेवली. रेखानं दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि तिला हसूच फुटलं. "दोघंही ओन्ली सपोर्ट?"

"त्या डीटीपीवाल्यानं सांगितलं, हा ड्राफ्ट एकदम पास होतोय," प्रल्हाद पुटपुटला.

"मलापण तेच बोलला."

इथवर गंमत होती. मग सुरू झालं. दवाखान्यात कितीदा कोण गेलं, मोतीबिंदूच्या वेळी सुट्टी कुणी घेतली, पाहुणे नेमके कुणाच्या महिन्यात यायचे.

"फेब्रुवारी कायम तुझ्याच वाट्याला कसा येतो रे?" प्रल्हादनं विचारलं. "अठ्ठावीस दिवसांत मोकळा. इतकी वर्षं मी बोललो का?"

"मग घे ना फेब्रुवारी. मी जानेवारी घेतो. तू बोलायचं तर खरं."

"आता काय बोलू? आता तर तुला बाराही महिने पाहिजेत."

"आणि तुला नकोत?"

सुनंदा मान खाली घालून पदराचं टोक मुडपत होती. मी 'एकेकानं, एकेकानं' म्हणत होते आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. अनुसयाबाई पेटीवर बसून एकदा या मुलाकडे, एकदा त्या मुलाकडे बघत होत्या.

"झालं का?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी दोघं गप्प झाले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमच्या त्या पोरीनं दोन येळा कागद भरून नेला. माजं नाव लिव्हलं. मला कुनी इचारलं का, मी कुटं ऱ्हाते म्हनून?"

नव्हतं विचारलं. फॉर्मवर वरच छापलं होतं, माहिती कुटुंबप्रमुखाकडून घ्यावी. ते वाक्यही माझंच. मी म्हणाले, "चुकलं आई. आता विचारते. तुम्हाला कुठं राहायचंय?"

त्यांनी प्रल्हादला विचारलं, "तुला कुटं धाडायलेत?"

"आदिलाबादच्या पुढं. लांब हाय आई. तिथं तुला जमायचं नाही."

"घर कसलं मिळंल?"

"बघितलं नाही अजून. बैठं घर असेल, दोन खोल्यांचं."

"वर कोन ऱ्हातं?"

"वर?" प्रल्हादला कळेना. "वर कोणी नाही. बैठं घर म्हणजे वर पत्राच असतो."

"मग मी तितं जाते."

सुनंदाच पहिली सावरली. "आई, तिकडं उन्हाळा लई कडक असतो."

"असू दे."

"आई," माधव म्हणाला, "मी काय कमी केलं का?"

"न्हाई बाळा. दोगांनीबी न्हाई केलं." त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पर इतकी वरीस झाली, मी सामान बांधून बसल्यावानी बसते. पंचवीस तारीक झाली की भूक लागत न्हाई मला. कुनाला सांगू? दोगंबी चांगले."

माधव उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. रेखा त्याच्या मागोमाग गेली. मी माझ्या वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर मला काही दिसत नव्हतं.

अर्जांचं पुढं असं झालं. आईच यायला तयार झाल्यावर प्रल्हादला हैदराबादेत राहायचं कारण उरलं नाही आणि माधवलाही उरलं नाही. प्रल्हादनं आपला अर्ज माझ्यासमोरच फाडला. माधवनं घडी घालून खिशात ठेवला. तो दिला की नाही हे मी विचारलं नाही, पण महिन्याभरात तोही खम्ममला हजर झाला. रेखा नोकरीसाठी इथंच राहिली आणि तो शनिवारी-रविवारी येऊ लागला. तळमजल्याला कुलूप लागलं.

सरांना मी सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा पेपर चूक," ते म्हणाले.

"पेपर फॉर्मावर होता. फॉर्म माझा होता."

"ते मला माहितीय मॅडम. पण वाचला मी होता."

श्रावंतीचा राग वेगळाच होता. फॉर्म घरी बसून भरल्याचा आळ आला हे तिला कळलं होतं. "मॅडम, आमच्या शेजारच्या अम्मांचंपण असंच आहे," ती म्हणाली. "तीन मुलं, तीन गल्ल्या. मला वाटलं हे तुम्हाला माहितीच असेल. तुम्ही 'आज' विचारा म्हणालात, मी आज विचारलं." तिची मी माफी मागितली आणि मग आम्ही दोघी सगळी घरं पुन्हा फिरलो. बहुतेक म्हातारी माणसं गावीबिवी कुठं नव्हती. कुणी भावाकडे होतं, कुणी पुढच्या गल्लीत लेकीकडे, आणि ज्या दिवशी आम्ही दार वाजवलं त्या दिवशी बरोबर दुसरीकडे.

नव्या फॉर्मात मी दोन बदल केले. म्हाताऱ्या माणसाची माहिती त्याच्याच तोंडून घ्यायची. आणि एक नवा प्रश्न घातला, 'महिन्यातले किती दिवस या घरी असता?' या प्रश्नाचा मला फार अभिमान होता. सगळ्या घरांत तो चालला. कुणी पंधरा सांगत, कुणी दहा, कुणी बोटांवर मोजत.

ज्या घरांत बदली झाली होती त्यांचा राउंड मी स्वतः केला. सतरा नंबरसाठी आदिलाबादच्या बाजूला बस बदलत गेले. बाजाराच्या मागं बैठ्या घरांची रांग होती. त्या भागात मराठी बोलणारे पुष्कळ, त्यामुळे पत्ता विचारायला त्रास पडला नाही. भाजीवालीनंच सांगितलं, "अनुसयाकाकूचं व्हय? त्या कोपऱ्यावरचं." प्रल्हादचं घर कुणी म्हणालं नाही.

अनुसयाबाई ओट्यावर शेवया वाळत घालत होत्या. शेजारच्या दोघी मदतीला होत्या आणि त्यांना त्या हुकूम सोडत होत्या. सुनंदा आतून पाणी घेऊन आली. पेटी कुठं दिसत नव्हती. विचारल्यावर कळलं, त्यांनी ती रिकामी करून शेजारच्या घरी गहू ठेवायला देऊन टाकली, कपडे भिंतीतल्या कपाटात लावले.

मी फॉर्म काढला. नाव, वय, आजार, औषध. सगळं त्यांनीच सांगितलं, सुनंदा मध्ये बोलायला लागली की तिला गप्प करत. मग माझा प्रश्न आला.

"आई, महिन्यातले किती दिवस या घरी असता?"

त्यांनी हातातली शेवई टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

"ऐकलं की," त्या म्हणाल्या. "पर आसं काय इचारता बाई? माजं घर हाय हे."

संशोधनात एखादा प्रश्न निकामी ठरला की वाईट वाटतं, कारण तो बसवायला महिने गेलेले असतात. मी पेन काढलं आणि त्या फॉर्मावरचा तो प्रश्न एका रेघेत खोडून टाकला. सरांनी नंतर विचारलं, हा कॉलम रिकामा का. मी सांगितलं, भरलेला आहे.